डावीकडचा पिवळा दिवा

१

रविवार उजाडला की एत्तोरेचं सगळं ठरलेलं असायचं. आधी कॉफी, मग गॅरेजचं शटर, मग गाडीवरची चादर. चादर ओढायची नाही, घड्या घालत काढायची. ओढली की रंगावर ओरखडे उठतात. मग तेल, पाणी, टायरची हवा. चोक अर्धा ओढून किल्ली फिरवायची आणि इंजिन खोकत खोकत एकदाचं सुरात येईपर्यंत बॉनेटवर हात ठेवून उभं राहायचं. ब्रेशाच्या त्या गल्लीतली झोपलेली माणसं कूस बदलून शिव्या घालत, पण तोंडावर कुणी काही बोलत नसे. लाल, दोन सीटची, कापडी टपाची स्पायडर ती! गल्लीतल्या पोरांपासून चर्चच्या पाद्र्यापर्यंत सगळ्यांनाच तिच्यात एकदा तरी बसून फिरायचं होतं.

गेल्या दोन हिवाळ्यांपासून तिच्या शेजारी दुसरी स्पायडर उभी होती. तेच साल, तोच लाल रंग. ही इलारियाची, त्याच्या मुलीची.

इलारिया मिलानला शिकायला गेली ती बापाशी कडाडून भांडून. कारण काय होतं ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. पण कित्येक वर्षं फोन आईलाच यायचा, बापाच्या वाट्याला "कसा आहेस? बरा ना?" एवढंच. आणि मग एक दिवस बाई ट्रकवर एक गंजलेला सांगाडा लादून दारात हजर. म्हणाली, "तुझ्यासारखीच पाहिजे मला. शिकवशील का, की अजून फुगलेलाच आहेस?" एत्तोरेला तिथल्या तिथे रडू कोसळलं असतं. त्याने त्या सांगाड्याच्या बॉनेटखाली तोंड खुपसलं आणि कार्बोरेटरला बरीवाईट नावं ठेवत बसला. दोन हिवाळे बापलेक त्या गॅरेजात ग्रीसमध्ये कोपरापर्यंत माखले. गाडी उभी राहिली. आणि हरवलेली पोरगी घरी आली, हे त्याच्या लेखी गाडीपेक्षा मोठं होतं.

२

आजची तिची पहिली लांबची फेरी. माल्गारा घाट बर्फासाठी बंद व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार. आदल्या दिवशी एत्तोरेने पुन्हा एकदा नियम घोकून घेतले.

या जुन्या गाड्यांवाल्यांचे नियम साधे असतात, पण ते देवाच्या आज्ञेसारखे पाळतात. पुढच्याने आरशात मागच्यावर लक्ष ठेवायचं. फाटा आला की मागच्याचे दिवे दिसेपर्यंत हलायचं नाही. दिसले की खिडकीतून डावा हात बाहेर काढून दोनदा खाली दाबायचा, म्हणजे 'दिसलीस, ये'. मागच्याने दिवा एकदा मिचकावायचा, म्हणजे 'आले, चल पुढे'. आणि मागच्याने रस्ता शोधायच्या भानगडीत पडायचं नाही. पुढच्याचे लाल दिवे धरून चालायचं. रस्त्यात फोन बंद.

"आणि मला वाटलं तू चुकतोयस तर?" इलारियाने विचारलं होतं.

"तर मनातल्या मनात शिव्या दे आणि मागे ये. घाटात दोघांनी दोन डोकी चालवली की दोन गाड्या दोन दऱ्यांत."

"हुकूमशहा!"

"आहेच."

धुकं लागणार हे नक्की होतं. म्हणून त्याने तिच्या गाडीच्या डाव्या दिव्यात पिवळा बल्ब बसवला. उजवा पांढरा, डावा पिवळा. शंभर गाड्यांत ओळखू येईल अशी खूण. पाहून इलारिया हसत सुटली. "मांजरासारखी दिसतेय रे! एक डोळा असा, एक तसा!"

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको लेदा हात पुसत हे बघत होती. तिला या गाड्यांचं कौतुक कधीच नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "एत्तोरे, दोन जाताहेत, दोन परत यायला पाहिजेत. तिला मागे सोडून आलास तर मला तोंड दाखवू नकोस."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस!" तो म्हणाला.

३

सकाळ कशी लख्ख होती! दोघांनी टप उघडे टाकले होते. तळ्याकाठचा रस्ता, मग द्राक्षमळे, मग चढण. एत्तोरे दर वळणाला आरशात बघे आणि दर वळणाला एक पांढरा, एक पिवळा असे ते दोन डोळे मागून येत. टोपी कानापर्यंत ओढून तो एकटाच मोठमोठ्याने गात होता. वयाची साठी उलटलेला माणूस, पण त्या सकाळी कुणी विचारलं असतं तर त्याने स्वतःला विशीतला सांगितलं असतं.

घाटाच्या पायथ्याच्या गावात ते कॉफीला थांबले. काउंटरवाल्या म्हाताऱ्याने खिडकीतून वर बोट दाखवलं. अर्धा डोंगर ढगात गेला होता.

"वर काही दिसायचं नाही," तो म्हणाला. "आणि फाट्यावर जपून. उजवीकडे घ्या. डावीकडचा जुना रस्ता बंद आहे, वसंतात दरड आली तेव्हा पूल गेला. अडसर टाकलाय, पण ते शिकारी उचलतात आणि तसाच ठेवून जातात. गाढवं लेकाची."

"उजवीकडे," एत्तोरेने इलारियाला सांगितलं.

"मला कशाला सांगतोस? मला रस्ता शोधायची बंदी आहे ना!" ती म्हणाली आणि त्याच्या बशीतलं बिस्किट उचलून तोंडात टाकलं.

बाहेर दोघांनी टप ओढून घेतले, चाप लावले. इलारियाने गळ्याभोवती आईचा हिरवा मफलर गुंडाळला. एत्तोरेने तिच्या डोक्यावर टपली मारली. का कोण जाणे, त्याला तिला मिठी मारावीशी वाटली होती; पण काउंटरवाला बघत होता, म्हणून टपलीवर भागवलं.

४

धुकं हळूहळू आलं नाही. एका बोगद्यात ते शिरले तेव्हा मागे ऊन होतं आणि बाहेर पडले तेव्हा जग नव्हतं. बॉनेटच्या पुढे रस्त्याची पांढरी रेघ तेवढी उरली होती. काचेवर वायपर कुरकुरत होते. एत्तोरेने दुसरा गिअर टाकला, काच खाली करून कान बाहेर दिला. इंजिनांचा आवाज धुक्यात विचित्रच येतो. कधी वाटतं मागून, कधी पुढून. त्याला मागचं इंजिन ऐकू येत होतं. स्वतःच्या हातांनी जुळवलेलं इंजिन, त्याची नाडी त्याने झोपेतही ओळखली असती.

फाट्याची पाटी धुक्यातून एकदम अंगावर आली. तो कडेला थांबला. डावीकडचा अडसर खरंच उचललेला होता. लाल-पांढरा दांडा आभाळाकडे तोंड करून उभा.

आरसा रिकामा होता. एत्तोरे वाट बघत राहिला. बोटं स्टेअरिंगवर ताल धरू लागली. येईल, हळू चालवत असेल. बरं आहे, हळूच चालवावं. तो आरशात इतका टक लावून बघत होता की डोळ्यांत पाणी आलं.

मग दिवे आले. एक पांढरा, एक पिवळा. त्याचा जीव भांड्यात पडला. डावा हात बाहेर काढून त्याने दोनदा खाली दाबला. मागे दिवा एकदा मिचकला.

"शाबास माझी मांजर!" तो म्हणाला आणि उजवीकडे वळला.

५

तीन-चार वळणं गेल्यावर त्याला काहीतरी खुपायला लागलं. काय ते कळेना. चपलेत खडा गेल्यासारखं. टायर ठीक होते, इंजिन ठीक होतं. त्याने आरशात बघितलं. दिवे होते. पुढे बघितलं. पुन्हा आरशात बघितलं.

पिवळा दिवा उजवीकडे होता.

हात्तिच्या, तो मनाशी म्हणाला. आरशात उलटंच दिसतं, डाव्याचं उजवं. यात काय एवढं! तो हसलासुद्धा. पण सकाळी? सकाळभर तो कुठे होता? सकाळभर तर डावीकडेच दिसत होता. की नव्हता? त्याला आठवेना. माणूस दर मिनिटाला एखादी गोष्ट बघतो आणि ती कुठल्या बाजूला होती हे शपथेवर सांगू शकत नाही.

रस्त्याच्या उजव्या हाताला कड्याची काळी, ओली भिंत होती. डाव्या हाताला कठडा आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं. त्याने आरशात बघितलं. भिंत उजवीकडेच होती. कठडा डावीकडेच होता. आरसा काही उलटं करत नव्हता.

म्हणजे बल्ब मीच उजवीकडे बसवला असणार. वय झालं, दुसरं काय. पण बोटांना आठवत होतं. डाव्या दिव्याचा एक स्क्रू झिजलेला होता, तो काढताना अंगठा सोलला होता. अंगठ्यावरची पट्टी अजून होती. आणि दिवा समोर उभं राहून बसवला, म्हणून घोटाळा झाला असेल, असंही तो म्हणून बघत होता. पण इलारिया तेव्हा आत ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली होती. "माझ्या बाजूचा पिवळा," ती म्हणाली होती. आणि ड्रायव्हर बसतो डावीकडे.

एत्तोरेने ब्रेक दाबला. मागचे दिवेही थांबले.

त्याने हात बाहेर काढून दोनदा खाली दाबला. दिवा एकदा मिचकला. अगदी शिकवल्यासारखा.

तो खाली उतरला. "इलारिया!" धुक्याने हाक गिळली. मागचं इंजिन शांतपणे चालू होतं, त्याच नाडीने. "अगं, ठीक आहेस ना? काच खाली कर!" तो दिव्यांकडे चालत निघाला. चार पावलं टाकली, दिवे जवळ आले नाहीत. आणखी चार टाकली. दिवे तेवढ्याच अंतरावर. तो थांबला, तेही थांबले. टायरखाली खडी कुरकुरलेली त्याने ऐकली. गाडी मागे सरकत होती.

लहानपणी ती असंच करायची. पकडायला गेलं की तेवढीच मागे, हसत हसत. "हे काय चाललंय? घाटात पोरखेळ सुचतोय होय?" तो ओरडला. त्याला खरंच राग आला होता. निदान त्याने तसं ठरवलं, कारण रागाशिवाय दुसरं जे मनात येत होतं ते त्याला नको होतं. त्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवायला जागा नव्हती. फोनला रेंज नव्हती. वर घाटमाथ्यावर खाणावळ होती. तिथे थांबू, तिथे कान उपटू. तो गाडीत बसला आणि पुढे निघाला. आरशाकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि दर वळणाला बघत राहिला.

६

घाटमाथ्यावरची खाणावळ डोमेनिका नावाची बाई चालवायची. एत्तोरे वर्षानुवर्षं येत असल्याने ती त्याच्याशी घरच्यासारखं बोलायची. तो दारातून आत आला तशी ती शेगडीपाशी उभी राहूनच म्हणाली, "आलास? या धुक्यात? अक्कल गहाण टाकलीस की काय? आणि पोरगी कुठे? येणार म्हणाला होतास ना?"

"मागे आहे. लावतेय गाडी."

"बाई गं, एकदाची बघायला तरी मिळेल. बस. बार्लीचं सूप आहे. दोन वाढू?"

"दोन," एत्तोरे म्हणाला.

आत लाकडाचा आणि उकळत्या सुपाचा वास होता. भिंतीवरचं रेडिओचं खोकं खरखरत होतं. गिऱ्हाईक एकही नव्हतं. त्याने कोट काढला नाही. तो खिडकीपाशी उभा राहिला. आवारात त्याची स्पायडर उभी होती आणि तिच्या मागे, आवाराच्या टोकाला, जिथे खडी संपून गवत सुरू होतं तिथे, ते दोन दिवे. इंजिन चालूच. दार उघडल्याचा आवाज नाही. उतरणाऱ्याची चाहूल नाही.

"काय करतेय एवढा वेळ?" डोमेनिका म्हणाली. "लिपस्टिक लावतेय?"

"बघून येतो."

तो बाहेर गेला. या वेळी दिवे मागे सरकले नाहीत. मागे गवताची चढण होती, सरकायला जागाच नव्हती बहुतेक. तो दिव्यांच्या बाजूने, प्रकाश चुकवत, इलारियाच्या काचेपाशी गेला. डावीकडची काच. आत बघायला वाकला. सीट रिकामी होती. तिच्यासमोर स्टेअरिंगही नव्हतं.

स्टेअरिंग पलीकडे होतं. त्याच्यामागे कुणीतरी सरळ समोर बघत बसलं होतं. गळ्याभोवती हिरवा मफलर होता. पण काचेवर आतून वाफ धरली होती, आणि चेहरा वळायला लागला तेव्हा एत्तोरे मागे हटला. का हटला? आपलीच पोरगी तर! पण पाय आपोआप हटले. त्याने चेहरा बघितला नाही. बघितला असता तर बरं झालं असतं की वाईट, कोण सांगणार.

खिशात फोन वाजला.

७

पडद्यावर इलारियाचं नाव होतं.

"पप्पा! लागला एकदाचा! माहितीये, रस्त्यात फोन नाही, नंतर ओरड. पण जरा हळू चालव ना! दर वळणाला गायब होतोस, जीव मुठीत धरून चालवतेय मी."

समोर ते दोन दिवे त्याच्याकडे बघत होते. एत्तोरेने फोन कानाशी घट्ट दाबला.

"पप्पा? ऐकू येतंय का?"

"कुठे आहेस तू?"

"कुठे म्हणजे? तुझ्या मागे! तुझे लाल दिवे धरून. तूच तर फाट्यावर हात दाखवलास आणि डावीकडे वळलास. म्हटलं, हा तर बंद रस्ता ना? पण म्हटलं, असेल काही, नियम म्हणजे नियम. मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि आले."

"इलारिया, ऐक. गाडी थांबव. आत्ता. जिथे आहेस तिथे. हँडब्रेक ओढ आणि खाली उतर."

"अरे पण—"

"पुढे पूल नाही! तो मी नाही! मी वर आहे, डोमेनिकाच्या आवारात उभा आहे, माझी गाडी बंद आहे! थांब, तुझ्या आईची शपथ, थांब!"

तिकडे ब्रेक दाबल्याचा आवाज आला. इंजिन मंद झालं. थांबली. थांबली पोरगी.

"थांबले," ती म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "पप्पा, पुढची गाडीही थांबलीये. थोडीच पुढे. हात बाहेर काढलाय. ये म्हणून दाबतोय, दोनदा." तिच्या वायपरची कुरकुर फोनमधून ऐकू आली. "पण तू उजव्या बाजूला कसा काय बसलायस?"

"तो मी नाही! बाळा, उतर! मी येतोय, तिथेच थांब, मी आलोच!"

"डोकं बाहेर काढलंस. टोपी तुझीच आहे. तूच आहेस रे. मला दिसतोयस तू." आणि मग तिने जे विचारलं ते अगदी हळू विचारलं, जसं अंधारात कुणाची तरी चाहूल लागल्यावर माणूस विचारतो. "मग फोनवर कोण बोलतंय?"

"मी! मी, तुझा बाप! इलारिया, आपलं गॅरेज आठव, अंगठा सोलला ते आठव—"

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. हे ती त्याला म्हणत नव्हती. ती समोर बघून, काचेपलीकडे कुणाला तरी म्हणत होती. "पप्पा, थांब, मी येतेय. फोनवर कुणीतरी तुझ्या आवाजात बोलतंय."

गिअर पडल्याचा खट् आवाज आला. फोन बंद झाला.

एत्तोरेने पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. मग तेही थांबलं.

तो आपल्या गाडीकडे धावला, दार उघडलं, किल्ली हातातून खडीत पडली, गुडघ्यांवर बसून तो ती चाचपू लागला. कुठूनतरी, फार खालून, दरड कोसळल्यावर येतो तसा लांबच लांब आवाज आला. तो ऐकू आला की नुसता वाटला, हे त्याला कळलं नाही. हात खडीत तसाच राहिला.

आवाराच्या टोकाला दिवा एकदा मिचकला. आले, चल पुढे.

मग इंजिन बंद झालं. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि खडीवर पावलं वाजायला लागली, सावकाश, त्याच्याच दिशेने.

मागे खाणावळीचं दार उघडलं. "अगं ये, ये! किती वेळ गारठत बसलीस!" डोमेनिका त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत हसून म्हणाली. "एत्तोरे, खाली काय शोधतोयस? तुझी पोरगी आली बघ. चला, दोघं आत या, सूप निवतंय."